परीक्षेच्या हंगामातला ताप

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचं उद्घाटन, कुलगुरूंचं भाषण, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी विद्यार्थी कल्याण विभागात नोकरीला होतो, म्हणून फोटोबाहेरचं सांगतो.

केंद्रात खरी गर्दी व्हायची ती सत्र परीक्षेच्या तोंडावर. 75 टक्के हजेरी भरत नसली की मुलांना मागच्या तारखेचा ताप यायचा. आमच्या डॉक्टरबाई मात्र तपासल्याशिवाय सही करत नसत. वसतिगृहातला एक मुलगा असाच आला. "मॅडम, मला काही झालेलं नाही, फक्त सर्टिफिकेट द्या." बाईंनी त्याला खिडकीपाशी उजेडात नेलं, डोळे पाहिले आणि विचारलं, "लघवी पिवळी होते का रे?" पोरगा गप्प. खोट्या तापाचा कागद मागायला आलेल्याला खरी कावीळ निघाली. मग त्याच्या खोलीतले दोघे तपासले, तेही तसलेच. शोध घेत गेल्यावर कळलं, वसतिगृहाच्या जमिनीखालच्या टाकीला लागून ड्रेनेजची लाइन फुटली होती. हजेरी भरली असती तर तो मुलगा आलाच नसता.

बाईंचं आणि एनएसएसच्या सरांचं कधी जमलं नाही. रक्तदान शिबिरात सरांना शेजारच्या कॉलेजपेक्षा जास्त बाटल्या हव्या असायच्या, आणि बाई हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅमच्या खाली असलेल्या मुलींना एकेक करून परत पाठवायच्या. नियमच तो आहे. "तुम्ही माझं शिबिर पाडायला बसलाय!" सर सगळ्यांदेखत ओरडले. त्या वर्षी शेजारचं कॉलेज जिंकलं. पण परत पाठवलेल्या मुलींच्या चिठ्ठ्या बाईंनी जपून ठेवल्या होत्या. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतंच. आमच्या मुलींशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पहिलं लेक्चर साडेसातला, मेसचा नाश्ता आठला. कित्येक जणी दुपारपर्यंत उपाशी. लोहाच्या गोळ्या बाईंनी सुरू केल्या. मेस कमिटीशी भांडून नाश्ता सातला आणला तो मात्र त्याच सरांनी.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला तो समुपदेशकाच्या खोलीपायी. खोली दिली होती परीक्षा विभाग आणि फीच्या खिडकीच्या मधोमध. हॉल तिकिटाच्या रांगेतल्या सगळ्या वर्गासमोर त्या दारात कोण शिरेल? बाक रिकामा राहायचा. "मुलांना गरज दिसत नाही," असा शेरा पडला आणि पद बंद करण्याची फाइल वर गेली. ती थांबली एका शिपाईमामांमुळे. ते म्हणाले, "साहेब, पाचला फीची खिडकी बंद झाली की पोरं येतात. तोवर मॅडम घरी गेलेल्या असतात." खोली दवाखान्याच्या आत हलवली, वेळ संध्याकाळची केली. बाहेरून बघणाऱ्याला प्रत्येक जण सर्दी-खोकल्याचाच पेशंट वाटायचा. महिनाभरात आठवडाआधी नाव नोंदवावं लागू लागलं.

100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे. नेमणुकीचा कागद आता सगळीकडे तयार होईल. पालकहो, प्रवेश घेताना ती खोली स्वतः जाऊन बघा, ती किती वाजेपर्यंत उघडी असते तेही विचारा. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मुलांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.