शिकायचे, आणि पैसेही मिळायचे?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले. "सर, एम्.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी आणखी पाच वर्षे? मग घराला हातभार कधी लावायचा?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी सरळ आकडेच सांगितले. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जीवविज्ञानाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ मध्ये ठरलेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. काम समाधानकारक ठरले, की पुढे ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. पुण्याचे एनसीसीएस, हैदराबादचे सीसीएमबी अशा संस्थांत प्रवेश मिळतो, पण मुलाखत निराळी द्यावी लागते. आणि पेशी काही रविवार पाळत नाहीत! प्रयोग फसत गेले, तर पाच वर्षे अपुरी पडतात. अधिछात्रवृत्ती मात्र संपते. हेही मी लपवले नाही.

आणि भौतिकीवाल्यांनो, तुम्हालाही दार बंद नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये भौतिकीत पीएच.डी. मिळवली आणि मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसले. रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी २००९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

त्या गृहस्थांनी सगळे आकडे खिशातल्या डायरीत टिपून घेतले. मुलगी आता एम्.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.