लेण्याचा नकाशा, घराचा नकाशा

बोरिवली पश्चिमेला, वस्तीने वेढलेल्या परिसरात मंडपेश्वराचे लेणे आहे. साधारण सहाव्या शतकातील हे शैव लेणे. पुढे पोर्तुगीज काळात त्याच्या माथ्यावर ख्रिस्ती वास्तू उभी राहिली, तिचे भग्नावशेष आजही दिसतात. गेल्या हिवाळ्यात माझे ८२ वर्षांचे वडील नातवासह हे लेणे मोजायला निघाले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला.

वडील निवृत्त भूकरमापक. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या दारात पडल्यापासून त्यांचे बाहेर जाणे थांबले होते. खरे तर आम्हीच ते थांबवले होते. हाड शाबूत राहिले, उमेद मात्र खचली. अखेर काही अटींवर आम्ही तिघे गेलो.

पहिली अट, उन्हातून आत शिरताच थांबायचे. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. उतारवयात बाहुली लहान राहते, डोळ्यातील भिंग पिवळसर होते. शिवाय हा काळही वाढतो. दुसरी, वाकून फीत धरण्याचे काम नातवाचे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना भोवळ येऊ शकते. तिसरी, वटवाघळांची विष्ठा साचलेल्या कोंदट कोपऱ्यात जायचे नाही; तेथील धुळीतील बुरशी फुप्फुसांना बाधू शकते.

वडिलांनी मंडपाच्या मध्यातून एक सरळ रेषा धरली. तिच्यापासून भिंती आणि खांब यांची काटकोनातील अंतरे घेतली, होकायंत्राने दिशा पाहिली आणि आलेखाच्या कागदावर एका मीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात लेणे उतरू लागले. नातू आकडे सांगे, आजोबा टिपून घेत. एक अंतर जुळेना, तर त्यांनी ते पुन्हा मोजायला लावले. जेथे जमीन उंचसखल होती, तेथे मात्र त्यांनी लाल पेन्सिलीने खूण केली. "भिंत दिसते रे, पायरी दिसत नाही. माणूस पडतो तो तिथेच," ते नातवाला म्हणाले.

त्या रात्री त्यांनी दुसरा कागद घेतला आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट काढली. लाल खुणा तीन होत्या: सरकणारे पायपुसणे, न्हाणीचा उंबरठा आणि अंथरुणावरून हात न पोहोचणारे दिव्याचे बटण. मी खजील झालो. वडील पडले होते घरात, आणि मी बंदी घातली होती बाहेर जाण्यावर!

दुसऱ्याच दिवशी पायपुसणे काढले, उंबरठ्यापाशी आधाराची दांडी बसवली, वाटेवर रात्रीचा मंद दिवा लावला.

वाचकहो, आपल्या घराचाही असा नकाशा अवश्य करावा. मोजमाप दिवसा घ्यावे. रात्री घरातील ज्येष्ठांसोबत, हाती विजेरी घेऊन, तीच वाट एकदा चालून पाहावी. कागदावर खुणा मात्र ज्येष्ठांनाच करू द्याव्यात. कुठे पाय अडखळतो, हे त्यांच्याइतके आपल्याला ठाऊक नसते.