गोठलेलं तेल, उकडलेलं अंडं

पौषातल्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. उन्हात ठेवली, तापमान २४-२५ अंशांपुढे गेलं, की तेल पुन्हा वाहतं. रेणू तेच, मांडणी तेवढी बदलली.

अंड्याचं तसं नाही. साधारण ६० अंशांपुढे पांढऱ्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि घट्ट जाळं बनतं. मग अंडं बर्फात ठेवलं तरी पातळ होत नाही.

खरं नवल चुन्याचं! चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो कळीचा चुना. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला, की हवेतून तोच वायू शोषत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. जुन्या वाड्यांचा गिलावा असाच वर्षानुवर्षं घट्ट होत गेला.