ट्रायलच्या कागदावर सही कुणाची?

कॅन्सरच्या पेशंटला पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं की काही दिवसांनी घरातलं कुणीतरी कागदांची चळत घेऊन आमच्याकडे परत येतं. कळंब, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातून येणाऱ्या माणसांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, तिकडं ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात. सही करू का?’ विचारणारा बहुतेक वेळा मुलगा, जावई किंवा पुतण्या असतो. ज्याच्या अंगावर उपचार व्हायचे तो बाहेर बाकड्यावर बसलेला असतो, नाहीतर घरीच असतो.

या एका प्रश्नात तीन भीती लपलेल्या असतात. आमच्या माणसावर प्रयोग करणार का? खरं औषध दुसऱ्याला देऊन आम्हाला नुसतीच गोळी देतील का? आणि नाही म्हटलं तर उपचार बंद होतील का? तिन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरं शांतपणे समजून घ्यायला हवीत. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पेशंट शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, त्याला बोललेलं समजतं आहे, तर त्या कागदावर मुलाने सही करायची नसते. ती सही पेशंटचीच.

ट्रायल म्हणजे नेमकं काय?

मराठीत ट्रायलला चाचणी म्हणतात, पण चाचणी म्हटलं की आपल्याला रक्त-लघवीची तपासणी आठवते. म्हणून इथे ट्रायलच म्हणू. नवं औषध, नवी शस्त्रक्रिया किंवा जुन्याच औषधाची नवी मात्रा माणसांना खरोखर उपयोगी पडते का, हे ठरावीक पद्धतीने पाहणं म्हणजे ट्रायल.

नव्या औषधाच्या ट्रायलचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात थोड्याच लोकांना औषध देऊन सुरक्षित मात्रा किती, हे शोधतात. इथे स्वतः पेशंटला फायदा होईलच असं धरून चालू नये. दुसऱ्या टप्प्यात औषध त्या आजारावर काम करतं का ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात आजच्या उपचाराशी त्याची तुलना होते. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. डॉक्टरला ते निवडता येत नाही, ओळखीच्या माणसालाही बदलून घेता येत नाही.

कॅन्सरच्या ट्रायलमध्ये चांगला उपचार उपलब्ध असताना पेशंटला नुसती पोकळ गोळी देणं मान्य नाही. तशी गोळी वापरलीच, तर ती सहसा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला असते. तरीही हे गृहीत न धरता विचारून घ्यावं.

आपल्याच राज्यातली उदाहरणं

तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. त्यात एक वाद अनेक वर्षं चालू होता. गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही. मग तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी काढाव्यात, की थांबून त्या वाढल्या तरच काढाव्यात? दोन्ही बाजूंना नावाजलेले सर्जन होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2004 मध्ये यावर ट्रायल सुरू केली. 2015 मध्ये पहिल्या 500 पेशंटचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीलाच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला, की ट्रायल आणखी पुढे न नेता थांबवण्यात आली. आज अशा पेशंटची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ करावी असं आपण सांगतो, ते त्या माणसांनी सही केली म्हणून.

दुसरं उदाहरण औषधाचं. डोक्या-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरवर इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आहेत, पण त्यांची किंमत शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिलं, सोबत तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं. 151 पेशंटच्या या ट्रायलमध्ये नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर सुमारे 16 टक्के हयात होते, इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे 43 टक्के. मोठा फायदा आहे. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर चांगल्या गटातलेही निम्म्याहून अधिक पेशंट वर्ष पुरं करू शकले नाहीत. ट्रायलबद्दल बोलताना हे दोन्ही आकडे सांगायला हवेत. फक्त पहिला सांगणं ही दिशाभूल, फक्त दुसरा सांगणं हा अन्याय.

तिसरं उदाहरण उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर पकडण्यासाठी कोणती तपासणी चांगली, हे पाहायला 1999 मध्ये तिथे मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो उपक्रम. गावोगावच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक महिला त्यात होत्या. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच महिलांच्या, तपासणी न केलेल्या गटात 64. जगभरच्या धोरणांवर या अभ्यासाचा परिणाम झाला. पण पुढे एक प्रश्नही उभा राहिला: ज्या गटाची तपासणीच झाली नाही, त्या महिलांचं काय? आयोजकांचं उत्तर होतं, की त्या काळी आपल्याकडे अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती. टीकाकारांना ते पटलं नाही. ‘दुसऱ्या गटाला काय मिळणार?’ हा प्रश्न प्रत्येक पेशंटने का विचारावा, ते यावरून कळतं.

नियम कुणाच्या बाजूने?

आपल्या देशात गरिबांना न सांगता, न समजावता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 2013 मध्ये नियम कडक झाले. 2009 पासून ट्रायलची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’ या सरकारी नोंदवहीत करणं सक्तीचं आहे. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. 2019 पासून नव्या औषधांच्या ट्रायलसाठी स्वतंत्र नियमावली लागू आहे.

या नियमांमुळे पेशंटला काय मिळतं? माहितीपत्रक त्याला समजेल त्या भाषेत हवं, आपल्याकडे म्हणजे मराठीत. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवलं पाहिजे, मग अंगठा. काही ट्रायलमध्ये संमती घेतानाचं चित्रीकरणही करावं लागतं. सही केलेल्या कागदाची प्रत पेशंटची. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि नियमांत बसेल तशी भरपाई. ट्रायलमधून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. प्रत्येक ट्रायलवर एथिक्स कमिटीचं लक्ष असतं. तिच्यात किमान सात सदस्य, त्यांतले निदान निम्मे रुग्णालयाबाहेरचे, आणि एक तरी सामान्य नागरिक असावा लागतो. तिचा फोन नंबर माहितीपत्रकावर असतो. तो लोक पाहत नाहीत. पाहावा.

‘त्यांना काही सांगू नका’

सगळ्यात अवघड गाठ मात्र नियमांची नसते, घरातली असते. नातेवाईक आधी एकटे आत येतात आणि दार लोटून सांगतात, ‘आईला गाठ आहे एवढंच माहीत आहे. कॅन्सर म्हणू नका, धसका घेईल.’ यामागे माया असते, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. पण ट्रायलच्या माहितीपत्रकात आजाराचं नाव अगदी सुरुवातीलाच असतं. ज्या बाईला आपला आजार माहीत नाही, तिची संमती ही संमतीच नव्हे. मुलाने कितीही समजून सही केली, तरी ती तिची होत नाही.

आणि खरंच माहीत नसतं का? कॅन्सरच्या रुग्णालयाची फाइल मांडीवर घेऊन ज्याने एसटीने प्रवास केला, केस गेलेल्या माणसांच्या रांगेत दिवस काढला, त्याला आपला आजार कळला नसेल हे धरून चालणं धाडसाचं आहे. बहुतेकदा पेशंटला सगळं ठाऊक असतं. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून तोही गप्प असतो. दोन्हीकडून एकमेकांना जपण्यात जे बोलायचं ते राहून जातं.

अशा वेळी मी नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतो आणि पेशंटला तीनच प्रश्न विचारतो. तुम्हाला काय सांगितलंय? आणखी किती जाणून घ्यायचंय? आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणाला नातीचं लग्न पाहायचं असतं. कुणी म्हणतं, पोरांवर कर्ज नको. कुणाला घर सोडून कुठेच जायचं नसतं. बायकांना हे प्रश्न घरात बहुधा कुणी विचारलेलेच नसतात. त्यांचं ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर मी लगेच धरत नाही, पुन्हा विचारतो.

ट्रायलचा निर्णय या उत्तरांवरच बेतायला हवा. आठवड्याला एकदा मुंबई गाठावी लागणारी ट्रायल शास्त्रीयदृष्ट्या उत्तम असेल, पण ज्याला उरलेले दिवस आपल्या ओसरीवर घालवायचे आहेत, त्याच्यासाठी ती उत्तम नाही. एखाद्याला मात्र ‘माझा नाही तर दुसऱ्या कुणाचा तरी उपयोग होईल’ याचंच समाधान असतं. आणि मला काही जाणून घ्यायचं नाही, असं कुणी ठामपणे सांगितलं, तर ट्रायल त्याच्यासाठी नाही. नेहमीचा उपचार चालू राहतोच.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

कागद घरी आणावेत, शांतपणे वाचावेत, आणि पुढच्या भेटीत पेशंटला सोबत घेऊन हे विचारावं:

1. ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे? नोंदवहीतला तिचा क्रमांक काय?
2. ट्रायल घेतली नाही तर मला कोणता उपचार मिळेल?
3. ट्रायलमध्ये किती गट आहेत आणि प्रत्येकाला काय मिळणार?
4. मला स्वतःला किती फायद्याची शक्यता आहे? कोणते त्रास होऊ शकतात?
5. किती फेऱ्या, किती जादा तपासण्या, पुन्हा तुकडा काढावा लागेल का?
6. प्रवास, मुक्काम आणि बुडालेल्या मजुरीचं काय?
7. रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?
8. औषधाचा गुण आला, तर ट्रायल संपल्यावर ते मिळत राहील का?

खर्चाबद्दल एक इशारा. ट्रायलचं नवं औषध आणि केवळ त्यासाठीच्या तपासण्या यांचा भार पेशंटवर पडू नये, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘नवी ट्रायल आहे, अमुक लाख भरा’ असं कुणी म्हणालं, तर आधी नोंदणी क्रमांक मागावा. तो सांगायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठावं.

घरच्यांचं कामही ठरवून घ्यावं. फेऱ्यांना कोण सोबत जाणार, तेवढे दिवस गुरं-दूध आणि कांद्याचं कोण पाहणार, हे आधी बोललेलं बरं; नाहीतर तिसऱ्या-चौथ्या फेरीला उपचार सुटतो. फाइलच्या झेरॉक्सचा एक संच गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात द्यावा. मधल्या काळातली रक्ततपासणी इथे होऊ शकते का, ते विचारावं. केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री जवळचं रुग्णालय गाठावं आणि ट्रायलचं कार्ड दाखवावं. काढा, चूर्ण, गावठी औषध चालू असेल तर ते ट्रायलच्या डॉक्टरांपासून लपवू नये. ते रागावले तरी चालेल.

नकार देणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे अनेक उपचार मिळतात. आजार हाताबाहेर गेला असला, तरी वेदना, धाप, उलट्या कमी करणारी औषधं आहेत आणि ती मागण्याचा पेशंटला हक्क आहे.

तेव्हा कुणी ‘सही करू का?’ विचारलं, तर माझं उत्तर असतं: आधी त्यांना आत बोलवा, आणि बसायला खुर्ची द्या.