फळ्यावरची फुली आणि हरवलेला चतकोर

फळ्यावर मधोमध एक फुली काढा. फळ्यापासून बरोबर एक मीटरवर, फुलीच्या अगदी समोर एका विद्यार्थ्याला बसवा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने त्याने फक्त फुलीकडे पाहायचे. आता काळा कागद गुंडाळलेल्या पट्टीच्या टोकाला खडूचा लहान तुकडा लावून तो फुलीपासून उजवीकडे सावकाश सरकवा. सुमारे 22 सेंटिमीटरवर खडू नाहीसा होतो आणि 32 च्या आसपास पुन्हा दिसू लागतो. हा अंधबिंदू. दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात.

खांदा कॉलनीतील एका घरात आम्ही हे करून पाहिले, तेव्हा पहिल्या मुलाला अंधबिंदू सापडेचना! त्याच्या डोळ्याकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. फुली सोडून तो खडूच्या मागे धावत होता. मोजमापातली ही सर्वांत मोठी अडचण लक्षात ठेवू. ती पुढे लागणार आहे.

डेन्मार्कच्या ब्येरम या डॉक्टरांनी 1889 मध्ये असेच मोजमाप केले. त्यांचा फळा म्हणजे तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू.

आता मेंदूकडे वळू. काही जणांचा अपस्मार औषधांनी आटोक्यात येत नाही. झटके कानशिलामागच्या शंखखंडातून सुरू होत असतील, तर त्याचा पुढचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया करता येते. भारतात अपस्मारावरील शस्त्रक्रियेची सुरुवात 1952 साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातही अशा शस्त्रक्रिया होतात.

पण याच खंडातून दृष्टीचे काही तंतू जातात. सरळ मागे न जाता ते आधी पुढे येतात आणि वळसा घेऊन मागे फिरतात. अडॉल्फ मायर यांच्या नावाने हा वळसा ओळखला जातो. डोळ्याच्या भिंगामुळे प्रतिमा उलटी पडते, म्हणून दृश्याचा वरचा भाग दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर उमटतो. वळशातले तंतू त्याच भागाची खबर नेतात. शिवाय दोन्ही डोळ्यांना उजवीकडे दिसणारे सगळे मेंदूच्या डाव्या बाजूला पोचते. त्यामुळे डाव्या बाजूचा वळसा कापला गेला, तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्रातून उजवीकडचा वरचा तुकडा जातो. भाकरीचा चतकोर मोडून घ्यावा तसा! कुणाचा पूर्ण चतकोर जातो, कुणाचा नुसता कोपरा, कारण वळसा किती पुढे येतो हे माणसागणिक बदलते.

गंमत अशी, की रुग्णाला तिथे काळे काही दिसत नाही. आपल्याला तरी अंधबिंदू कुठे जाणवतो? म्हणूनच विचारून भागत नाही, मोजावे लागते. रुग्ण एका पांढऱ्या अर्धगोलात पाहतो, हनुवटी टेकवून, नजर मधल्या खुणेवर ठेवून. इकडेतिकडे प्रकाशाचे ठिपके क्षणभर उमटतात. दिसला की बटण दाबायचे. प्रत्येक जागी सर्वांत मंद कोणता ठिपका दिसला, याची नोंद होते. मधूनच यंत्र मुद्दाम अंधबिंदूवर ठिपका टाकते. तोही ‘दिसला’, तर नजर हलली असे समजायचे. आमच्या त्या मुलाची चोरी यंत्राने लगेच पकडली असती! लहान मुले आणि थकलेले रुग्ण इथेच चुकतात. चाचणी शस्त्रक्रियेच्या आधीही झालेली हवी, नाहीतर काय गेले ते कशावरून ठरवणार?

2001 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात 80 रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली होती. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील 58 टक्के, तर केवळ औषधांच्या गटातील 8 टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. पण शस्त्रक्रियेच्या गटातील 40 पैकी 22 जणांच्या दृष्टिक्षेत्राचा वरचा काही भाग गेला होता. त्यांना स्वतःला त्याचा त्रास जाणवत नव्हता. आमच्या मते हा सौदा बहुतेकांना परवडणारा आहे. मात्र झटके थांबल्यावर गाडी चालवू असे स्वप्न पाहणाऱ्याला हाच चतकोर आडवा येऊ शकतो. ब्रिटनमध्ये वाहन परवान्यासाठी आडवे 120 अंशांचे दृष्टिक्षेत्र लागते आणि मधल्या भागात मोठी उणीव चालत नाही.

आता एमआरआयच्या साहाय्याने प्रत्येक रुग्णाच्या वळशाचा नकाशा आधीच काढता येतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील डॉक्टरांनी तो शस्त्रक्रिया चालू असतानाच शल्यविशारदापुढे ठेवण्याची पद्धत वापरली आहे.

असा विद्यार्थी आपल्या वर्गात असेल आणि त्याचा उजवा चतकोर गेला असेल, तर त्याला वर्गाच्या उजव्या बाजूला बसवून पाहा. फळा त्याच्या डावीकडे येईल.