पहिला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर : निवड आणि वापर

दहावीचा निकाल लागला, की आमच्या निवासी शाळेच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. कोणी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येतात, कोणी वसतिगृहातील मुलाची पेटी आणि अंथरूण-पांघरूण घेऊन जायला येतात. निघताना एक प्रश्न मात्र हमखास विचारला जातो : "सर, पोरगा पॉलिटेक्निकले चालला. दुकानदार दीड हजाराचा कॅल्क्युलेटर दाखवून राहिला. तोच घ्या लागते का?"

प्रश्न साधा वाटतो; परंतु मजुरीवर किंवा छोट्या शेतीवर घर चालविणाऱ्या पालकांसाठी प्रवेशशुल्क, पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य आणि प्रवासखर्च यांच्या जोडीला आलेली ही रक्कम लहान नसते. दुसरीकडे, चुकीचे यंत्र घेतले किंवा योग्य यंत्र चुकीच्या रीतीने वापरले, तर त्याची किंमत गुणांत मोजावी लागते. गणित-विज्ञान शिकविणारे शिक्षक म्हणून आम्ही पालकांना आजवर तोंडी सांगत आलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने एकत्र मांडीत आहोत.

आधी परीक्षेचा नियम पाहावा

खरेदीपूर्वी पहिला विचार यंत्राचा नव्हे, परीक्षेचा करावा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या परीक्षेत कॅल्क्युलेटरला परवानगी नाही. बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येते, कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. एमएचटी-सीईटी, जेईई मेन आणि नीट या प्रवेशपरीक्षांतही कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणजेच अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी लगेच वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घेण्याची मुळीच गरज नाही. उलट, त्या दोन वर्षांत यंत्राची सवय लागली, तर परीक्षेच्या दालनात हात अडखळतो. त्या काळात लॉग टेबल हाच खरा सोबती.

पॉलिटेक्निकची गोष्ट वेगळी. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका परीक्षांत ‘नॉन-प्रोग्रामेबल’ पॉकेट कॅल्क्युलेटरला परवानगी असते. मोबाइल मात्र दालनात नेता येत नाही. नागपूर विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकांवरही नॉन-प्रोग्रामेबल यंत्राचीच मुभा नमूद असते. ज्या यंत्रात सूत्रांची किंवा सूचनांची मालिका लिहून साठविता येते, ते प्रोग्रामेबल. असे यंत्र महाग असते आणि परीक्षेत बाहेर ठेवावे लागते; म्हणजे पैसे जाऊन सोयही नाही. मोबाइलमधील कॅल्क्युलेटर घरी उपयोगी पडतो, पण ज्या बटणांवर परीक्षेत बोटे फिरायची, त्यांचाच सराव वर्षभर हवा.

अभियांत्रिकीनंतरच्या गेट परीक्षेत स्वतःचे यंत्र नेता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील कॅल्क्युलेटर माउसने चालवावा लागतो. सारांश, प्रत्येक टप्प्याचा नियम निराळा आहे. खरेदीच्या आधी त्या वर्षीचा नियम महाविद्यालयात विचारून घ्यावा.

गरजेपुरते यंत्र

वैज्ञानिक कॅल्क्युलेटर ही एके काळी चैनीची वस्तू होती. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिथमची कल्पना प्रसिद्ध केली आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षे अभियंत्यांनी लॉग टेबल आणि स्लाइड रूल यांवर पूल व यंत्रे आखली. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती. आज त्याहून अधिक कामे करणारे यंत्र आपल्याकडे काहीशे रुपयांत मिळते. तेव्हा महाग तेच चांगले, हा समज सोडून द्यावा.

आपल्या बाजारात कॅसिओ कंपनीची यंत्रे सर्वाधिक दिसतात, म्हणून त्यांचीच उदाहरणे घेऊ. अन्य कंपन्यांच्या यंत्रांनाही हेच निकष लागू पडतात. एफएक्स-८२एमएस हे दोन ओळींच्या पडद्याचे साधे यंत्र. वरच्या ओळीत आपण टाकलेले गणित दिसते, खालच्या ओळीत उत्तर. त्रिकोणमिती, लॉग, घातांक, वर्गमूळ, अपूर्णांक, सरासरी व प्रमाण विचलन ही सारी कामे ते करते. विद्युत शाखेच्या मुलांना लागणारे ध्रुवीय व आयत रूपांतरही त्यात आहे. स्थापत्य किंवा यंत्र शाखेच्या पदविकेसाठी आणि बी.एस्सी.च्या बहुतेक विषयांसाठी एवढे पुरेसे आहे.

एफएक्स-९९१एमएस हे त्याच्या वरच्या पायरीचे. त्यात संमिश्र संख्या, सारणी, सदिश, तीन चलांपर्यंतची एकसामयिक समीकरणे आणि द्विमान पद्धतीतील रूपांतर यांची भर आहे. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि विद्युत शाखांना याचा खरा उपयोग होतो. पुढे अभियांत्रिकीची पदवी घेण्याचा विचार पक्का असेल, तर एकदाच हे घेणे काटकसरीचे. एफएक्स-९९१ईएस प्लसमध्ये अपूर्णांक आणि वर्गमूळ पुस्तकात छापतात तसे दिसतात. हे सोयीचे आहे, पण त्यामुळे उत्तर अधिक बरोबर येते असे नाही. डब्यावर छापलेला ‘इतकी फंक्शन्स’ हा आकडा पाहून भुलू नये. त्यांतील मोजकीच रोजच्या कामाला येतात.

दुकानात काय पाहावे

सीताबर्डी असो वा बेसा परिसरातील एखादे स्टेशनरीचे दुकान, हुबेहूब दिसणारी नकली यंत्रे कोठेही गाठ पडू शकतात. म्हणून पक्के बिल आणि दुकानाचा शिक्का मारलेले हमीपत्र घ्यावे. नावातील प्रत्येक अक्षर नीट वाचावे. मग यंत्र सुरू करून प्रत्येक बटण दाबून पाहावे. एका दाबात एकच अंक उमटला पाहिजे. आकडे तिरके धरूनही स्पष्ट दिसावेत. २ चे वर्गमूळ काढून त्या उत्तराचा वर्ग करावा. उत्तर २ यावे. शेवटी साइन ३० काढावे, उत्तर ०.५ यावे. ते न आल्यास यंत्र बिघडलेले आहे असे लगेच समजू नये. त्याचे कारण पुढे येते.

सेलचाही विचार करावा. एफएक्स-८२एमएस पेन्सिल सेलवर चालते आणि तो सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. एफएक्स-९९१एमएस प्रकाशपट्टी आणि बटण सेल या दोन्हींवर चालते; ते दीर्घकाळ टिकते, पण बटण सेल खेड्यात सहज मिळत नाही.

गुण घालविणाऱ्या चार चुका

पहिली चूक कोनाच्या एककाची. आमचा एक माजी विद्यार्थी पदविकेच्या पहिल्या सत्राची अप्लाइड मेकॅनिक्सची परीक्षा देऊन आला. पेपर उत्तम गेला असे त्याने आनंदाने सांगितले आणि निकालात तो त्याच विषयात मागे राहिला. परीक्षेच्या सकाळी त्याने मित्राचा कॅल्क्युलेटर मागून नेला होता आणि तो ‘ग्रेड’ या एककावर होता. १०० न्यूटनचे बल क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्याचे घटक ८६.६ आणि ५० न्यूटन. रेडियनवर यंत्र ठेवले, तर १५.४ आणि उणे ९८.८ अशी उत्तरे येतात. उणे चिन्ह पाहून निदान शंका तरी येते. ग्रेडवर मात्र ८९.१ आणि ४५.४ अशी उत्तरे येतात. ती अगदी खरी वाटतात. त्यांच्या वर्गांची बेरीजही जवळपास १०,००० भरते, म्हणून पायथागोरसाचा ताळाही ही चूक पकडत नाही. ती पकडते केवळ एक गोष्ट : साइन ३० म्हणजे अर्धा, हे दहावीत पाठ केलेले ज्ञान. म्हणून परीक्षेत यंत्र सुरू करताच साइन ३० काढावे. ०.५ आले नाही, तर एकक बदलावे. एफएक्स-८२एमएसवर ‘मोड’ दोनदा दाबून १, एफएक्स-९९१एमएसवर ‘मोड’ चारदा दाबून १, आणि ईएस प्लसवर ‘शिफ्ट’, ‘मोड’ व ३ दाबल्यास अंश हे एकक लागते. पडद्यावर इंग्रजी ‘डी’ अक्षर दिसते.

दुसरी चूक दहाच्या घाताची. ‘ईएक्सपी’ या बटणाचा अर्थच ‘गुणिले दहाचा अमुक घात’ असा आहे. ६.०२ × १०²³ ही संख्या टाकताना ६.०२, ईएक्सपी, २३ एवढेच दाबावे. अनेक मुले मध्ये ‘गुणिले १०’ दाबतात आणि उत्तर दहापट होते.

तिसरी चूक कंसाची. १२ भागिले ‘२ गुणिले ३’ असे वहीत आडव्या रेषेखाली लिहिले, तर उत्तर २. यंत्रावर कंस न देता १२ ÷ २ × ३ दाबले, तर उत्तर १८. तसेच −३ चा वर्ग कंसाशिवाय टाकल्यास −९ येते, कंसात टाकल्यास ९. गुणाकाराचे चिन्ह न देता कंस लिहिला, तर काही यंत्रे निराळा क्रम धरतात. म्हणून छेद नेहमी कंसात टाकावा आणि गुणाकाराचे चिन्ह स्वतः दाबावे.

चौथी चूक जुन्या नोंदींची. सांख्यिकीत नवी माहिती भरण्यापूर्वी आधीची पुसावी लागते. एमएस मालिकेत ‘शिफ्ट’, ‘सीएलआर’, १ आणि बरोबरचे चिन्ह दाबून ती पुसली जाते. सरावासाठी २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ संख्या घ्याव्यात. सरासरी ५ येते. प्रमाण विचलनाची मात्र दोन उत्तरे मिळतात : २ आणि २.१३८. पहिल्यात वर्गांच्या बेरजेला ८ ने भागले आहे, दुसऱ्यात ७ ने. कोणते हवे हे यंत्र सांगत नाही. प्रश्न समजून घेऊन ते आपणच ठरवायचे असते.

यावरून एक सवय मुलांनी लावून घ्यावी. बटण दाबण्यापूर्वी उत्तराचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहावा. ४८.७ × २१.३ म्हणजे सुमारे ५० गुणिले २०, अर्थात हजाराच्या आसपास. यंत्राने १०३७.३१ दाखविले तर ठीक; १०३७३.१ दाखविले तर दशांशचिन्ह चुकले. मधल्या पायरीचे उत्तर कागदावर तोडून पुन्हा टाकू नये. ‘आन्सर’ बटण ते पूर्ण अचूकतेने पुढे नेते. यंत्र आकडेमोड करते, विचार करीत नाही. पाढे, लॉग टेबल आणि तोंडी हिशेब यांवर शाळेत घालविलेला वेळ येथे फळाला येतो.

जपणूक, आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती

वैज्ञानिक कॅल्क्युलेटर नीट वापरला, तर अनेक वर्षे टिकतो. नागपूरच्या मे महिन्यात तो उन्हातल्या खिडकीत किंवा गाडीत ठेवू नये. उष्णतेने पडदा काळवंडतो. दीर्घ सुटीत पेन्सिल सेल काढून ठेवावा, कारण गळलेला सेल आतील पत्रे खातो. झाकण हरवू देऊ नये. त्यासोबत मिळणारे माहितीपत्रक फेकू नये. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे ते समोर ठेवून सराव करावा.

आणि आता शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एक आग्रहाची विनंती. आपल्यापैकी अनेक जण पदविका व पदवी पूर्ण करून नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. ज्या यंत्रावर आपण सत्रामागून सत्रे पार केली, ते आता कदाचित घरातील एखाद्या खणात स्वस्थ पडून असेल. सेल बदलून, साइन ३० तपासून ते शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. पुस्तकाप्रमाणे नोंद करून आम्ही ते पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलांना शिक्षण संपेपर्यंत वापरायला देऊ; ती मुले शिक्षण संपल्यावर ते परत आणतील आणि यंत्र पुढच्या हाती जाईल. परीक्षेच्या सकाळी कोणाही मुलाला अनोळखी यंत्र उसने मागून न्यावे लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

ज्या पालकांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांना आमचे उत्तर असे : दीड हजाराचाच घ्यावा लागत नाही. शाखा पाहून, नियम विचारून, गरजेपुरता घ्या. आणि मुलाला सांगा, की त्याचे प्रत्येक बटण ओळखीचे होईपर्यंत तो हातावेगळा करू नकोस.