गृहीतागमा : सोपी पदवी की वेगळी वाट?

१९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठ काढले, तेव्हा हिंगण्याच्या महाविद्यालयाच्या पटावर पाचच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचा विषय, शिवाय आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र, आणि पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. या शिक्षणावर ‘सोपे केलेले शिक्षण’ असा शिक्का मारला जातो. तो कितपत खरा, हे ठरवताना अभ्यासक्रमाइतकेच दाराशी कोण उभी होती तेही पाहायला हवे.

कॉर्नेलिया सोराबजी १८८०च्या दशकातच डेक्कन कॉलेजात मुलांबरोबर शिकल्या. मग वेगळे महाविद्यालय कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता. तो ओलांडायला लहानपणापासून अखंड इंग्रजी शिक्षण लागे, आणि नेमक्या त्याच वयात मुलींची लग्ने होत, काहींच्या कपाळी वैधव्यही येई. कर्व्यांनीच १८९६ साली स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमात येणाऱ्या विधवेचे शिक्षण असे मध्येच तुटलेले असे किंवा सुरूच झालेले नसे. आश्रमाच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. एका भाषेसाठी एवढी यातायात करावी लागत असेल, तर इतिहास किंवा आरोग्यशास्त्र त्याच भाषेतून शिकण्याची अट ही ज्ञानाची कसोटी कशी ठरेल? मातृभाषेने भार कमी झाला तो परक्या माध्यमाचा. अभ्यासाचा भार राहिलाच. इंग्रजीही सुटले नव्हते.

गृहशास्त्राचा आक्षेप मात्र एवढ्यावर निकालात निघत नाही. जपानच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून कर्व्यांना ही कल्पना सुचली, आणि बाईचे कार्यक्षेत्र मुख्यतः घर, हे गृहीतकही तिच्याबरोबर आले. मुलांच्या महाविद्यालयात स्वयंपाकघर सक्तीचे नव्हते, हे मान्यच करायला हवे. मात्र हिंगण्यातला दिनक्रम या गृहीतकाच्या पुढे जाणारा होता. आश्रमातून पार्वतीबाईंसारख्या बायका संस्थेच्या आजीव सेविका झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. ज्या समाजाने विधवेला माजघराच्या कोपऱ्यात बसवले होते, त्याच समाजासमोर उभे राहून त्या संस्थेचा हिशेब मांडत होत्या. गृहशास्त्राच्या सक्तीहून मोठी उणीव वेगळीच आहे: हा उंबरठा उतरला तो मुख्यतः ब्राह्मण आणि उच्चवर्णीय मुलींसाठी. बहुजन समाजातल्या मुलींना त्या पाच नावांत आपले प्रतिबिंब दिसणे अवघड होते.

सोपेपणाचा आरोप खरा असता, तर या पदवीने विद्यार्थिनीला काहीतरी स्वस्तात दिले असते. प्रत्यक्षात सौदा महागाचा होता. १९१९ साली वारूबाई शेवडे पहिल्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या पदवीमागे सरकारी मान्यता नव्हती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली, त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला मिळाले. वैधानिक मान्यतेला मात्र १९५१ उजाडले. म्हणजे पहिल्या पदवीपासून बत्तीस वर्षे प्रत्येक विद्यार्थिनीने जी पदवी घेतली, तिला सरकारदरबारी किंमत नव्हती. सोपी वाट हवी असलेल्याने ही निवडली नसती. ‘गृहीतागमा’ म्हणताना कानाला आधी ‘गृह’ ऐकू येते. शब्दाचा अर्थ मात्र ‘जिने विद्या आत्मसात केली ती’ असा आहे. टीकाकारांनी पहिली दोन अक्षरे ऐकली; विद्यार्थिनींनी किंमत मोजली ती पूर्ण शब्दाची.